आधी डोंगर, मग लेन्स

वाईत मी भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आजूबाजूचे डोंगर हिंडते. नोकरीला लागून पहिला कॅमेरा घेतलेले माझे माजी विद्यार्थी भेटले की हमखास विचारतात, ‘‘बाई, लँडस्केपसाठी वाइड लेन्स कोणती घेऊ?’’ वाइडच घ्यायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. प्रश्न फक्त कंपनीचा आणि किमतीचा असतो. मी त्यांना सांगते, तू सह्याद्रीत फिरणार असशील तर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सनंतरची पहिली लेन्स टेलिफोटो घे. वाइडचं नंतर बघू.

याचं कारण आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि हा प्रदेश तयार झाला. थर जवळजवळ आडवे, काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार झाले, कठीण थरांचे कडे उभे राहिले. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाला पायऱ्यापायऱ्यांचे. अशा डोंगरावर चढून गेलं की माणूस थेट काठावर येऊन उभा राहतो. पुढे पाऊल टाकायला जागा नसते, आणि जे बघायला आलो ते सगळं दरीपलीकडे, काही किलोमीटर लांब असतं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा बघा, किंवा पाचगणीच्या टेबललँडवरून धोमचं पाणी आणि त्यामागचा कमळगड बघा. तिथे वाइड लेन्स लावली तर फोटोचा वरचा अर्धा भाग आकाश, खालचा अर्धा गवत, आणि ज्यासाठी पहाटे उठून चढलो ती डोंगररांग मधे बारीक काळी रेघ होऊन बसते.

आकड्यांत सांगायचं तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवं सुमारे ९७ अंश बघते, २४ मिमीची ७४, ५० मिमीची ४०, आणि २०० मिमीची जेमतेम १०. (बहुतेकांकडे लहान, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर लेन्सवरच्या आकड्याला दीडने गुणायचं. कॅननच्या बाबतीत १.६ ने. म्हणजे १८-५५ची किट लेन्स साधारण २७ ते ८२ सारखी वागते.) पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. सेन्सरवर त्याची प्रतिमा लेन्सच्या मिलिमीटरच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी पडते. २०० मिमीवर पावणेदोन-दोन मिलिमीटर, १६ मिमीवर मिलिमीटरचा सातवा हिस्सा. गडामागून उगवणारा चंद्र डोळ्यांना केवढा वाटला आणि फोटोत ठिपका का झाला, याचं उत्तर एवढंच आहे.

पण लेन्स ‘जवळ आणते’ किंवा ‘लांब नेते’ हा समज मात्र मी वर्गात खोडते, तसा इथेही खोडते. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण ठरतं ते आपण कुठे उभे आहोत त्यावरून. लेन्स फक्त त्यातला किती तुकडा घ्यायचा ते ठरवते. हे पटायला एक प्रयोग करावा. ज्वारीच्या रानात एकटं आंब्याचं झाड आहे, मागे तीन-चार किलोमीटरवर पांडवगड. झाडापासून दहा मीटरवर उभं राहून २४ मिमीने फोटो घ्या. मग बांधाबांधाने मागे सरकत ऐंशी मीटरच्या पुढे जा आणि २०० मिमीने घ्या. दोन्ही फोटोंत झाड तेवढंच दिसेल. गड मात्र दुसऱ्या फोटोत आठपट मोठा झालेला असेल, कारण सत्तर मीटर मागे आल्याने झाड आठपट लांब गेलं आणि गडाचं अंतर जवळपास तेच राहिलं. पहिल्या फोटोत आंब्याच्या बुंध्याशेजारी गड दबून गेलेला. दुसऱ्यात त्याच्या माथ्याखालचा कातळपट्टा, त्यातली घळ, घळीतली झाडी, सगळं आंब्याच्या मागे उभं ठाकलेलं. गडाच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला तो गड असाच वाटतो, डोक्यावर उभा. माझ्या मते दुसरा फोटो अधिक खरा आहे. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा, हिवाळ्यात खोऱ्यात भरलेलं धुकं आणि त्यातून वर आलेले माथे, कोसळत्या पावसात एका क्षणापुरता उघडलेला कडा, हे सगळं ७० ते २००च्या दरम्यानचं काम आहे.

टेलीची अडचण हवा. एप्रिल-मे महिन्यांत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, तापलेल्या पठारावरून हवा लहरत असते. पाच किलोमीटरवरचा डोंगर तेव्हा कितीही महागड्या लेन्सने घेतला तरी पुसटच येतो. पाऊस पडून गेल्यावरचा तास, ऑक्टोबरच्या सुरुवातीची धुतलेली हवा आणि थंडीतल्या सकाळी, या तिच्या वेळा.

वाइडची जागा नाही, असं मी म्हणत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला, अर्धगोल, अंगावर झुकलेला. त्याची एक कड डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि ती वक्रता एका नजरेत धरायची तर १६-१८ मिमीशिवाय भागत नाही. साम्रदच्या सांदण दरीतही तेच. दोन भिंतींमध्ये मागे सरकायलाच जागा नसते. तिसरी जागा म्हणजे पावसाळ्यातलं पठार. जांभ्याच्या खळग्यात पाणी साचलेलं असतं, त्यात ढग उतरलेला असतो. वाइड लेन्स अशी जवळची वस्तू मागते. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्यायचा, खळग्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा, अ‍ॅपर्चर एफ ११, आणि फुल फ्रेमवर १६ मिमीला फोकस एक मीटरच्या आसपास. एवढ्यात साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. हाच हिशेब २०० मिमीला, एफ ८ वर केला तर फोकसचं अंतर दीडशे मीटरच्याही पुढे जातं. म्हणून टेलीने फोटो घेताना पुढ्यातलं गवत सरळ वगळावं.

कासला मात्र मी वाइड लेन्स पिशवीतून काढत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही काढू नये असं मला मनापासून वाटतं. तिथली सीतेची आसवं, गेंद ही फुलं नखाएवढी. वाइडने ती दिसायची तर लेन्स त्यांच्यापासून वीतभर अंतरावर न्यावी लागते, म्हणजे फोटो घेणारा ताटव्यात आडवा झोपतो. जांभ्यावरची माती बोटभर जाडीची आहे आणि त्या मातीत पुढच्या वर्षीचं बी आहे. एका फोटोपायी तेवढा तुकडा चिरडला जातो. वाटेवर उभं राहून २०० मिमीने घेतलं तर तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि सोनकीचा पिवळा एकमेकांवर चढतात, पठार रंगाने भरून येतं. फूलही शाबूत राहतं, फोटोही सरस येतो.

अ‍ॅपर्चरबद्दल एक गैरसमज जुना आहे. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. लेन्सचं तोंड शक्य तेवढं बारीक करून जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ टिपायचं, हा त्यांचा आग्रह. ते वाचून आपणही २२ वर आकडा नेऊन ठेवतो. पण त्यांच्यातले अनेक जण ८ बाय १० इंचांच्या फिल्मवर काम करत. त्या फिल्मवरचा ६४ म्हणजे फुल फ्रेमवर, खोलीच्या हिशेबाने, जवळपास ९. आपल्या सेन्सरवर १६च्या पुढे गेलं की बारीक छिद्रातून येणारा प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. ८ ते ११ पुरे.

म्हणूनच लँडस्केपसाठी एफ २.८ची महागडी लेन्स घेण्याचं कारण उरत नाही. ७०-२०० एफ २.८ साधारण दीड किलोची, एफ ४ची पाऊण-एक किलोची, आणि लहान सेन्सरसाठीच्या ५५-२५० सारख्या लेन्सा तर त्याहूनही हलक्या आणि खिशाला परवडणाऱ्या. पाठीवर पाणी, डबा आणि ट्रायपॉड घेऊन चढणाऱ्याला हा फरक दुसऱ्याच टेकाडावर कळतो. आकाशगंगा टिपायची हौस असेल तर मात्र मोठ्या तोंडाची वाइड लागते, तो अपवाद.

खरेदीआधी घरी बसून एक काम करावं. किट लेन्सने काढलेले वर्षभराचे फोटो संगणकावर उघडावेत. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरला घेतला, हे फाइलमध्ये नोंदलेलं असतं. आवडते फोटो बाजूला काढावेत. त्यातले बरेचसे ५५ला घेतलेले आणि नंतर कापलेले निघाले तर टेली हवी. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी कापली की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात, हे ध्यानात असू द्यावं. सगळे १८ला घेतलेले, आणि तरीही कडा सुटलेल्या असतील, तर वाइड.

जुनी लेन्स घ्यायला हरकत नाही. पण आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि लेन्सला बुरशी धरते. दुकानात अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरावा आणि तिरकं बघावं. आत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत ठेवावी. चांगली निघाली तर उरलेल्या पैशांतून एक पोलरायझर फिल्टर घ्यावा, ओल्या कातळाची आणि पानांची चमक मारायला तो लागतोच, आणि एक हवाबंद डबा, आत सिलिका जेल घालून. पावसातून आल्यावर लेन्स आधी पुसून वाऱ्यावर सुकू द्यावी, मगच डब्यात ठेवावी.