फटफटीच्या दोन वायरी

फटफटी हे नाव तिला आवाजावरून मिळाले, आणि तिची बरीच दुखणी कळतात तीही आवाजावरूनच. घाट चढताना मूठ पिळावी तसे इंजिन ओरडत राहते, पण गाडी काही वेग घेत नाही. थोड्या वेळाने जळका वास येतो. मालक बिचारा मेस्त्रीकडे जातो, 'क्लच प्लेटा गेल्या' हा निकाल ऐकतो आणि खिसा रिकामा करून परततो. प्लेटा कधी कधी खरोखरच गेलेल्या असतात. पण पुष्कळदा सारा दोष डाव्या हाताशी असलेल्या एका स्वस्त वायरीचा असतो, आणि तो घरच्या अंगणात पान्याने दूर होतो.

क्लच म्हणजे स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबून धरलेल्या प्लेटांची चवड. दांडी ओढली की वायर ताणते, दाब सुटतो आणि इंजिन चाकापासून वेगळे होते. आता ही वायर मुळातच फार ताठ असेल, तर कोणी दांडी कायम थोडी ओढून धरल्यासारखे होते आणि प्लेटा घसरतात. उलट ती फार सैल असेल, तर दाब पुरता सुटत नाही. मग गिअर कुरकुरतो, न्यूट्रल सापडत नाही आणि सिग्नलला दांडी ओढलेली असतानाही गाडी पुढे रेटते.

म्हणून आधी दांडीचा सैलपणा पाहावा. नेहमीच्या कित्येक गाड्यांत तो टोकाशी १० ते २० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सापडेल. कमी-जास्त असल्यास इंजिनाकडील टोकाचा नट ढिला करून जुळवून घ्यावा. प्लेटा झिजल्या की बहुधा हा सैलपणा कमी होतो, वायर ताणली की वाढतो. दांडीपाशी वायरीचे तंतू तुटलेले दिसले, तर जुळवाजुळव न करता नवी वायर घालावी.

क्लच ऑइल बदलल्यानंतर घसरू लागला असेल, तर संशय ऑइलवर घ्यावा. आपल्याकडील बहुतेक फटफटींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. डब्यावर 'जासो एमए' हे जपानी मानक आहे का, ते पाहावे. सैलपणा ठीक, ऑइलही ठीक, तरी घसरणे चालूच असेल, तर मात्र मेस्त्रीचे म्हणणे खरे मानावे.

उजव्या हाताची वायर अधिक गंभीर. क्लच बिघडला तर फार तर गाडी ढकलावी लागते. मूठ अडकली तर जिवावर बेतते. घरातली कॉलेजची मुले तीच गाडी नेत असतील, तर ही परीक्षा दर आठवड्याला करावी. इंजिन बंद ठेवून मूठ पुरती पिळा आणि सोडा. तिने झटकन आपोआप मागे यायला हवे. हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे असे तिन्ही वेळा करून पाहा. मग मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा. रेस वाढली तर वायर ताठ आहे किंवा चुकीच्या वाटेने गेली आहे. टाकी काढून बसवल्यावर हे हमखास घडते. गंज, धूळ, पडल्यामुळे वाकलेले हँडल, हौसेने बसवलेले नवे रबर, यांमुळेही मूठ अडते. मात्र वायरीत ऑइल सोडण्यापूर्वी पुस्तिका पाहावी. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या काही वायरींना ते चालत नाही. २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला. पण साध्या गाड्यांची मुठीची वायर तशीच राहिली.

चालत्या गाडीची मूठ अडकली, तर खाली वाकून पाहत बसू नये. क्लच ओढावा, दोन्ही ब्रेक लावावेत, लाल बटण असेल तर दाबावे. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे. गाडी उभी राहिली की चावी बंद करावी, आणि तिथून पुढे ती ढकलतच न्यावी.