पिंजरा आधी, पंच नंतर

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे आठ लढवय्ये एकाच रात्री, एकाच अष्टकोनी पिंजऱ्यात झुंजले. त्यांत मुष्टियोद्धा होता, सुमो मल्ल होता, कराटेपटू आणि किकबॉक्सरही होते. वजनगट नव्हते, गुण देणारे परीक्षक नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच निषिद्ध होते, आणि तसे केल्यासही शिक्षा केवळ दंडाची होती. पहिलीच लढत २६ सेकंदांत संपली. सुमो मल्लाचा दात लाथेसरशी उडाला. मुष्टियोद्धा तर एकाच हातात मोजा घालून उतरला होता.

ठिकाणाची निवड योगायोगाने झालेली नव्हती. कोलोरॅडो राज्यात त्या वेळी मुष्टियुद्धावर देखरेख करणारे आयोगच नव्हते, त्यामुळे परवानगी मागण्याचा प्रश्नच उरला नाही. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ या नावाच्या या उपक्रमामागे जाहिरात व्यवसायातून आलेले आर्ट डेव्ही आणि ब्राझीलच्या जुजुत्सू घराण्यातील रोरियन ग्रेसी होते. ग्रेसींना आपल्या घराण्याची विद्या सर्वश्रेष्ठ असल्याचे दाखवायचे होते आणि त्यांचा सडपातळ धाकटा भाऊ रॉयस याने तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून ते दाखवलेही. प्रसारण कंपनीला मात्र ‘पे-पर-व्ह्यू’चे गिऱ्हाईक हवे होते. ते सुमारे ८६ हजार मिळाले. मग ‘येथे नियम नाहीत’ हीच जाहिरात झाली.

तीच जाहिरात पुढे त्यांच्या मुळावर आली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला ‘माणसांची कोंबडझुंज’ म्हटले आणि सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे लिहिली. फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ऐनवेळी दार बंद केल्यावर आयोजकांना पिंजऱ्यासह सारा बाडबिस्तरा अलाबामातील डोथन या लहानशा गावी हलवावा लागला. त्यानंतर बड्या केबल कंपन्यांनीही प्रक्षेपण थांबवले. उत्पन्नाचा मुख्य झराच आटला.

या कोंडीत आयोजकांना जे सुचले, ते धोरणकर्त्यांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. आयोगांना टाळण्याऐवजी ते त्यांच्या दारी गेले. वजनगट आले, मोजे सक्तीचे झाले. २००० मध्ये न्यूजर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने अशा लढतींना मान्यता दिली आणि एप्रिल २००१ मध्ये तेथेच एकसमान नियमावलीवर एकमत झाले. जानेवारी २००१ मध्ये डबघाईला आलेली ही कंपनी अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली होती. घेणाऱ्यांपैकी लोरेन्झो फर्टिटा हे पूर्वी नेवाडाच्या क्रीडा आयोगाचे सदस्य होते. नियामकाची नजर कशावर असते, हे त्यांना ठाऊक होते. २०१६ मध्ये हीच कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरना विकली गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कनेही बंदी उठवली.

भारतात हा खेळ मोठ्या प्रमाणावर आला तो ११ मार्च २०१२ रोजी, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या ‘सुपर फाइट लीग’ची ती पहिली रात्र होती. मुख्य आकर्षण बॉब सॅप हा धिप्पाड परदेशी लढवय्या होता. तो दुखापतीमुळे हरला. त्यापुढच्या रात्री चंडीगड आणि दिल्लीत झाल्या. भारतीय तरुणांना व्यावसायिक पिंजरा प्रथम मिळवून दिला, हे श्रेय या लीगला द्यायला हवे. परंतु अमेरिकेला सात-आठ वर्षांच्या हाणामारीनंतर जो प्रश्न सोडवावा लागला, तो येथे फारसा कोणी विचारलाच नाही.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्यसूचीतील ३३व्या नोंदीत, नाटक आणि करमणुकीच्या शेजारी बसलेला आहे. व्यावसायिक झुंजींसाठी देशपातळीवर वैधानिक आयोग नाही. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मुख्यतः क्रीडा संघटनांचा कारभार, निवडणुका आणि तंटे यांना शिस्त लावू पाहतो. खासगी प्रवर्तकाने तिकीट लावून भरवलेल्या झुंजीपूर्वी खेळाडूची तपासणी कोणी करावी, डोक्यावर आघात झाल्यास त्याला किती दिवस खेळू देऊ नये, रुग्णवाहिका दाराशी उभी आहे ना, हा त्याचा गाभा नव्हे.

दरम्यान, खेळाडू वाट पाहत थांबलेले नाहीत. उत्तर प्रदेशातील बुढाना गावची पूजा तोमर हिने जून २०२४ मध्ये लुईव्हिल येथे विजय मिळवला; अल्टिमेट फायटिंगच्या पिंजऱ्यात जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. हरयाणातील कुस्तीच्या आखाड्यांतूनही मुले-मुली या वाटेकडे वळू लागली आहेत. अशा खेळाडूला अमेरिकेत रिंगणात उतरण्यापूर्वी राज्य आयोगाच्या परवान्याची आणि वैद्यकीय तपासणीची चाळणी पार करावी लागते. मायदेशी तिची सुरक्षितता आयोजकाच्या सद्बुद्धीवर सोपवलेली असते.

जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूत किकबॉक्सिंगच्या एका सामन्यात डोक्यावर ठोसा बसून एक तरुण कोसळला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. स्पर्धेच्या जागी वैद्यकीय व्यवस्था नव्हती, असा कुटुंबाचा आरोप होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा, दंडसंहितेखाली.