मधपेटी, मधाची बाटली आणि कायदा

पुणे शहरात घराच्या गच्चीवर किंवा शहरालगतच्या मळ्यात दोन-चार मधपेट्या ठेवू इच्छिणारा गृहस्थ बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा, की याचा परवाना कोणत्या कचेरीत मिळतो? उत्तर ऐकून त्यास नवल वाटते. स्वतःच्या जागेत सातेरी किंवा मेलीफेरा जातीच्या मधमाश्या पाळण्यासाठी खास परवान्याचा कायदा आपल्याकडे नाही. मात्र एवढ्यावरच जो निश्चिंत होतो, तो पुढे अडचणीत येण्याचा संभव असतो. कारण पेटीतून बाहेर पडणारी माशी आणि पेटीतून निघणारा मध या दोहोंचा कायद्याशी संबंध येतोच.

प्रथम शेजाऱ्यांचा विचार करावा. पाळलेल्या प्राण्यापासून इतरांस इजा होऊ नये म्हणून योग्य ती काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहिता, 2023 अन्वये अपराध आहे, आणि सार्वजनिक उपद्रवाची तरतूदही त्याच संहितेत आहे. म्हणून सहकारी गृहसंस्थेच्या गच्चीवर पेटी ठेवण्यापूर्वी संस्थेची लेखी संमती घ्यावी, पेटीचे दार जिन्याकडे वा रहदारीकडे नसावे आणि जवळच पाण्याचे उथळ भांडे ठेवावे. पाणी न मिळाल्यास माश्या शेजारच्या नळावर जमतात व तेथूनच तक्रारीस आरंभ होतो.

आग्या माशीची गोष्ट निराळी. ती पेटीत राहत नाही. तिचे पोळे कड्यावर, उंच झाडावर किंवा शहरातील उंच इमारतीवर लागते. भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे वनात मिळणारा किंवा वनातून आणलेला मध आणि मेण ही वनोपज होय. तेव्हा मुळशी-वेल्ह्याकडील वनातून मध आणून शहरात विकणाऱ्याने तो स्वतःच्या पेटीतील मध समजू नये. भीमाशंकर हे 1985 पासून अभयारण्य असल्याने तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे निर्बंधही लागू होतात. वनहक्क अधिनियम, 2006 ने मध व मेण यांची गणना गौण वनोपजात केली असून ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वनवासींना दिला आहे. शहरातील व्यापाऱ्यास तो हक्क आपोआप मिळत नाही.

खरी कसोटी मध बाटलीत भरून विक्रीस निघाला म्हणजे लागते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खाली लहान उत्पादकास नोंदणी आणि मोठ्यास परवाना घ्यावा लागतो. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. मिळालेला चौदा अंकी क्रमांक बाटलीवर छापावा लागतो. त्याखेरीज उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि बांधणीची तारीख ही चिठ्ठीवर असावी लागतात.

कागदपत्रे पुरी असूनही माल नापास होऊ शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मधातील पाण्याचा अंश शेकडा 20 पेक्षा अधिक असता कामा नये. माश्या मध पुरेसा आटल्यावरच घरांवर मेणाचे झाकण घालतात. घाईने झाकण नसलेल्या चौकटी मधयंत्रात घातल्या, तर मध पातळ निघतो, प्रमाणात बसत नाही आणि पुढे आंबतो. असा मध घट्ट करण्यासाठी विस्तवावर ठेवणे म्हणजे एका दोषावर दुसरा चढविणे होय. कारण उष्णतेने एच.एम.एफ. नावाचा पदार्थ वाढतो व त्याची मर्यादा किलोस 80 मिलिग्रॅम आहे. पुण्याच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत साठविलेल्या मधासही हीच भीती असते.

या मानकांत सह्याद्रीतील मधपाळांच्या दृष्टीने एक महत्त्वाची सवलत आहे. सामान्य मधात उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, शेकडा 5 पर्यंतच चालते. कारवीच्या मधास मात्र शेकडा 10 पर्यंत मुभा आहे. कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते. त्या हंगामाचा मध वेगळा काढून वेगळा ठेवावा. तो इतर मधात मिसळल्यास ही सवलत सांगण्यास आधार उरत नाही आणि कारवीच्या मधास मिळणारा चांगला भावही हातचा जातो.

राष्ट्रीय मधमाशी मंडळाकडील नोंदणी हा परवाना नव्हे. 2021 साली सुरू झालेल्या ‘मधुक्रांती’ या संकेतस्थळावर ती करता येते. केंद्रीय योजनेचे साहाय्य मागताना ती उपयोगी पडते, म्हणून ज्यास धंदा वाढवावयाचा आहे त्याने ती करून घ्यावी. कांद्याच्या बीजोत्पादनासाठी किंवा डाळिंबाच्या बागेत पेट्या नेताना बागायतदाराशी लेखी करार करावा आणि औषधफवारणीची पूर्वसूचना देण्याचे कलम त्यात अवश्य घालावे. तोंडी बोलण्यावर विसंबून एका फवारणीत सर्व वसाहती गमावण्याची पाळी येऊ शकते.

गणेशखिंड रस्त्यावरील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून पुण्यात कार्य करीत आहे. नवीन मधपाळाने तेथे शिक्षण घेऊन मगच पेट्या खरेदी कराव्यात, आणि विक्रीच्या नोंदणीचा अर्ज पहिला मध काढण्यापूर्वीच करावा. भरलेल्या बाटल्या घरात ठेवून क्रमांकाची वाट पाहणाऱ्याचा हंगाम तेवढ्यात निघून जातो.