गिलाव्याचें भाषांतर

धुळ्याच्या जुन्या पेठांतून किंवा पारोळें, एरंडोल येथल्या जुन्या आळ्यांतून हिंडणाराला एक देखावा वारंवार दिसतो. पांढऱ्या मातीची रुंद भिंत, तिच्यावर पूर्वजांनीं दिलेला चुन्याचा लेप, आणि त्यावर अलीकडे दुरुस्ती म्हणून चढविलेला सिमेंटचा थर. जेथें चुना उघडा आहे तेथें तो मळलेला आहे, पण भिंतीला धरून आहे. जेथें सिमेंट आहे तेथें कांहीं पावसाळ्यांतच पोपडे सुटलेले असतात आणि पोपड्याबरोबर मागची मातीहि निघून आलेली असते. घरधनी गवंड्याला दोष देतो, गवंडी मालाला देतो. परंतु दोघांमध्यें बोलणें काय झालें होतें हें पाहिलें, तर रोगाचें मूळ पुष्कळदां एका शब्दांत सांपडतें. घरधनी म्हणाला, "प्लास्टर करा," आणि गवंड्यानें प्लास्टर केलें. कशाचें, हें त्यानें विचारलें नाहीं आणि यानें सांगितलें नाहीं.

प्लास्टर हा शब्द मुळांत भिंतीचा नव्हेच. तो वैद्याचा आहे. अंगावर थापावयाच्या औषधी लेपाला ग्रीक भाषेंत 'एम्प्लास्ट्रॉन' म्हणत. तो शब्द लॅटिनमधून इंग्रजींत आला आणि लेपाच्या साम्यामुळें भिंतीवर जाऊन बसला. म्हणूनच आजहि हाड मोडलें तरी प्लास्टर आणि भिंत उघडी पडली तरी प्लास्टर. जर्मन भाषेंत याच वस्तूला 'पुट्स' म्हणतात. 'पुट्सेन' या क्रियापदाचा अर्थ स्वच्छ करणें, नटविणें. मराठींतील 'गिलावा' फारसीकडून आला. 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. एका भाषेनें औषधाचा लेप पाहिला, दुसरीनें साजशृंगार पाहिला, तिसरीनें साधा चिखल पाहिला. वस्तु एकच असूनहि तिन्ही शब्दांच्या सीमा सारख्या नाहींत, आणि भाषांतरकाराचा घात होतो तो या सीमांवरच.

युरोपांत शिकलेला किंवा तेथील कारखान्याचीं माहितीपत्रकें वाचणारा आपल्याकडचा इंजिनियर जर्मन शब्दापर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेनें पोंचतो. ही वाट सरळ नाहीं. इंग्लंडांत भिंतीच्या आंतील बाजूचा लेप तो 'प्लास्टर' आणि बाहेरील बाजूचा तो 'रेंडर'. जर्मन 'पुट्स' मात्र आंतबाहेर दोहोंकडे चालतो. युरोपांतील ९९८ अंकाच्या मानकाच्या पहिल्या भागाचें नांव पाहिलें कीं ही अडचण डोळ्यांपुढें उभी राहते. जर्मन नांवांत 'पुट्समोर्टेल' एवढा एकच शब्द आहे. इंग्रजी नांवाला त्यासाठीं 'रेंडरिंग अँड प्लास्टरिंग मॉर्टर' असे दोन शब्द जोडावे लागले. मराठीला ही यातायात पडत नाहीं. आंतला गिलावा आणि बाहेरचा गिलावा असें म्हटलें कीं काम झालें. म्हणजे या बाबतींत जर्मन शब्द इंग्रजीपेक्षां मराठींत अधिक सहज उतरतो.

इतर शब्द याहून फसवे आहेत. 'एडेलपुट्स' याचा शब्दशः अर्थ 'कुलीन गिलावा'. प्रत्यक्षांत तो कारखान्यांत मिसळून, बहुधा रंग घालून तयार केलेला बाह्य लेपाचा माल असतो. 'पुट्सट्रेगर' मधील 'ट्रेगर' म्हणजे वाहणारा, आणि बांधकामांत त्याचा अर्थ तुळई असाहि होतो. पण येथें तुळईचा कांहीं संबंध नाहीं. गिलावा ज्याला धरून राहतो ती जाळी किंवा पट्ट्या, एवढाच त्याचा अर्थ. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर गवंडी जी 'कोंबडी जाळी' ठोकतात ती याच जातीची. 'उंटरपुट्स' म्हणजे गिलाव्याचा खालचा थर. परंतु विजेच्या सामानाच्या यादींत हाच शब्द आला तर तेथें थराचा प्रश्न नसून, गिलाव्याखालीं भिंतींत दडविलेल्या डबीचा किंवा तारांचा असतो. 'श्टुक' म्हणजे भिंतींवरील व छतांवरील उठावाचें नक्षीकाम. त्याला इंग्रजींत 'स्टक्को' म्हणून मोकळें व्हावें तर अमेरिकेंत त्या शब्दानें घराच्या बाहेरचा साधा सिमेंटचा लेपहि समजतात. गंमत अशी कीं 'स्टक्को' हा शब्द मूळ जुन्या जर्मनमधील 'तुकडा, कवच' अशा अर्थाचा. तो इटलींत गेला, तेथें कलावंतांच्या हातीं पडला, आणि नवा अर्थ घेऊन माहेरीं परत आला. मराठींत त्याला जवळचा शब्द तयार आहे. देवळांच्या विटांच्या शिखरांवर चुन्यांत घडविलेल्या मूर्ती व वेलबुट्टी यांना 'चुनेगच्ची काम' म्हणतात. 'श्टुक' तो हाच.

'चुनेगच्ची' वरून दुसऱ्या एका शब्दाची आठवण होते. 'एस्ट्रिख' म्हणजे जर्मनींत घोटून सपाट केलेली अखंड जमीन. जुना मराठी शब्द 'कोबा' हा त्याच्या अगदीं जवळचा. पण स्वित्झर्लंडमध्यें 'एस्ट्रिख' म्हटलें तर घराचा माळा समजतात. हें ऐकून नवल वाटावें, परंतु मराठींत तसेंच घडलें आहे. फारसी 'गच' म्हणजे लेपाचा चुना, आणि त्याच घराण्यांतली 'गच्ची' म्हणजे घराचा माथा! चुना वर चढला आणि त्याच्याबरोबर शब्दहि वर चढला.

येथवर शब्दांची मौज झाली. परंतु जो भेद चुकल्यानें भिंत नासते तो लेप कशाचा आहे याचा. जर्मन कारागीर 'काल्कपुट्स', 'गिप्सपुट्स', 'त्सेमेंटपुट्स' असें स्पष्ट सांगतो; चुन्याचा, जिप्समचा आणि सिमेंटचा. तिघांचे स्वभाव भिन्न आहेत. चुनखडी सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजून कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विझवून लेप दिला कीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश पुन्हां दगड होतो. जिप्सम सुमारें १५० अंशांवर भाजतात. पाणी लागतांच तें कांहीं मिनिटांत धरतें, पण धरल्यावरहि एका लिटर पाण्यांत त्याचे दोन-अडीच ग्रॅम विरघळतात. म्हणून त्याची जागा घरांत, पावसांत नव्हे. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट १८२४ मध्यें इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें घेतलें. तें बळकट खरें, पण ताठर, आणि ओलावा सहज बाहेर जाऊं न देणारें.

खानदेशच्या जुन्या भिंतींना या गुणांचा अर्थ फार मोठा आहे. तापीच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचें घर थोडें हालतें. चुन्याचा लेप ती हालचाल बरीच सोसतो, सिमेंटचा तडकतो. मातीची भिंत जमिनींतून ओल ओढते आणि ओलीबरोबर क्षारहि. चुन्यांतून ती ओल उडून जाते. सिमेंटखालीं ती कोंडते, क्षारांचे कण थराच्या मागें सांठून फुगतात, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडा सुटतो. अशा वेळीं एखाद्या जर्मन पुस्तकांतील 'काल्कपुट्स' चें भाषांतर नुसतें 'प्लास्टर' असें करणें म्हणजे रोग्याच्या चिठ्ठींत औषधाचें नांव न घालतां 'औषध द्यावें' एवढेंच लिहिण्यासारखें आहे. आणि चुन्यांतहि भेद आहेतच. 'झुम्पफ्काल्क' याचा शब्दशः अर्थ 'दलदलीचा चुना' होतो. पण त्या नांवाखालीं विझवून, पाण्याखालीं कित्येक महिने मुरविलेला चुना असतो. लोणचें मुरतें हें ज्या घरांत ठाऊक आहे तेथें 'मुरलेला चुना' निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं.

म्हणून भाषांतरकारानें शब्दकोश उघडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: लेप कोठें आहे, कशाचा आहे, आणि कितवा थर आहे? उत्तरें मिळालीं कीं मराठी शब्दांचा तुटवडा पडत नाहीं. पहिल्या थराला 'अस्तर' आहे, शेवटच्या गुळगुळीत हाताला 'निरू' आहे, बारीक चुन्याच्या लेपाला 'संदला' आहे, दगडांच्या सांध्यांत चुना भरण्याला 'दर्जा भरणें' आहे. यांतील 'अस्तर' कपड्याचें, आणि 'दर्ज' म्हणजे फारसींत शिवण. हिंदींतला दर्जी त्यांतूनच आला. म्हणजे नटविण्याची जी कल्पना जर्मन 'पुट्स' मध्यें आहे तिच्याच शेजारीं मराठी गवंड्याची ही शिंपीकामाची भाषा नांदते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं शेवटचे दिवस धुळ्यांत काढले आणि १९२६ च्या अखेरीस तेथेंच देह ठेविला. पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. दप्तरांइतकाच शब्दांचाहि माग काढणारा तो पुरुष होता. त्याच्या गांवांत गवंड्यांचे शब्द नाहींसे व्हावे हें बरें नव्हे. चुन्याची घाणी फिरविणारे बैल गेले, घाणीचें दगडी चाक कोठें कोठें अंगणांत आडवें पडलेलें दिसतें. पण अस्तर, निरू, दर्जा हे शब्द वृद्ध गवंड्यांच्या तोंडीं अजून सांपडतात. ते टिपून घेणें सोपें आहे. ज्यांच्या घराची भिंत जुनी आहे त्यांनीं तर याची सुरुवात घरींच करावी. दुरुस्तीचा करार करण्यापूर्वीं गवंड्याला विचारावें, "बाबा, जुना लेप कशाचा आहे, आणि नवा कशाचा देणार?" दोन्ही उत्तरें मिळेपर्यंत थापी भिंतीला लागूं देऊं नये.