डॉक्टरकीची पहिली पायरी

पोर दहावी पास झाले. गुण चांगले पडले. "मी डॉक्टर होणार," असे म्हणू लागले. घरात आनंद झाला. पण आईबापांना रात्री झोप लागेना. कोणी म्हणतो, लातूरला घाला. कोणी म्हणतो, राजस्थानात कोट्याला पाठवा. मनात येते, एक एकर रान विकावे काय?

मंडळी, थोडे थांबा. रान विकण्याआधी हे वाचा.

डॉक्टर होण्यासाठी आधी अकरावी-बारावी शास्त्र शाखेतून करावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. मग 'नीट' नावाची परीक्षा द्यायची. ती साऱ्या देशाला एकच असते. 2025 साली तिच्यात 180 प्रश्न होते आणि गुण 720. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे होते. उत्तर बरोबर आले तर 4 गुण मिळतात. चुकले तर 1 गुण कापतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते.

प्रवेश ठरतो तो या परीक्षेच्या गुणांवर. बारावीला शास्त्राच्या तीन विषयांत मिळून 50 टक्के पुरतात. मागासवर्गीयांना 40 पुरतात. बारावीचे कॉलेज मोठे की लहान, हे तिथे कोणी विचारत नाही.

मग जवळचे, कमी फीचे कॉलेज का नको? मात्र ते नावापुरते नसावे. स्वतः जाऊन पाहा. तिन्ही विषयांना शिक्षक आहेत का? तास रोज होतात का? प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना? तिथल्या जुन्या मुलांना विचारा. फी, खोली, खानावळ, एस.टी.चा पास, शिकवणी, असा दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडा.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 100 पैकी 85 जागा आपापल्या राज्याच्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्रात त्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी इथूनच पास व्हावी लागते. बारावी परराज्यात केली, तर हा हक्क जाऊ शकतो.

जागा थोड्या, मुले फार. महागडे कॉलेजही जागेची हमी देत नाही. आणि जागा मिळाली, तरी पुढे साडेपाच वर्षांचे शिक्षण आहेच. पैसा तेव्हाही लागेल.

बी महाग घेतले म्हणून पीक येत नाही. मेहनत करावीच लागते. रान राखा, पोराला अभ्यासाला बसवा.