न बसलेल्या झटक्याचा धडा

डोपामाइनच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत बरीच प्रसिद्धी आली आहे. गोड खाल्ले की डोपामाइन, मोबाइल हातात घेतला की डोपामाइन, आणि मग ‘डोपामाइन डिटॉक्स’चे सल्ले. या साऱ्याच्या मुळाशी एकच समज आहे: डोपामाइन म्हणजे आनंदाचे रसायन. प्रयोगशाळेत तो टिकलेला नाही. शिवाय तो धरून ठेवला, तर मनात बसलेली भीती कशी सैल होते, हे उमगतच नाही.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामाइन जवळजवळ संपवून पाहिले. उंदीर खाण्याकडे फिरकेनासे झाले. पण जिभेवर साखरेचे पाणी पडले की पूर्वीसारखेच ओठ चाटत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती.

मग डोपामाइन करते काय? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामाइन पेशींची हालचाल टिपली. अचानक रसाचा थेंब मिळाला की या पेशी उसळत. ठरावीक खुणेनंतर रस येतो हे माकडाला कळले की उसळी खुणेपाशीच येई, रसाच्या वेळी काहीच नाही. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प होत. म्हणजे त्या सुख मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर मोजत होत्या. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये ही मांडणी केली आणि शिकण्याच्या अभ्यासाचा पायाच बदलला.

इथून दुसरा गैरसमज निकालात निघतो: डोपामाइनचा संबंध बक्षिसाशी, भीतीशी नाही. वाईट घडेल असे वाटत होते आणि ते घडले नाही, तर तेही अपेक्षेपेक्षा बरेच की! २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना आधी आवाजापाठोपाठ विजेचा सौम्य झटका दिला गेला, नंतर नुसता आवाज. झटका ज्या क्षणी यायला हवा होता, त्याच क्षणी त्यांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशी जाग्या झाल्या. संशोधकांनी त्या क्षणापुरत्या या पेशी दाबून धरल्या, तेव्हा भीती कमी होणे अडखळले. सुटकेचा तो क्षण हाच धडा होता. मात्र सगळ्या डोपामाइन पेशी एका साच्याच्या नाहीत. त्रासदायक गोष्टींनी उत्तेजित होणाऱ्याही काही आहेत, हे माकडांवरच्या अभ्यासात २००९ मध्येच दिसले होते.

भीती गेली म्हणजे ती पुसली गेली, असेही सर्रास मानले जाते. तसे होत नाही. विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परततो, हे पावलोव्ह यांनी कुत्र्यांमध्ये पाहिले होते. जुनी आठवण जागच्या जागी राहते. तिच्याशेजारी ‘आता धोका नाही’ अशी नवी आठवण तयार होते. एमआयटीतील सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने २०२५ मध्ये उंदरांत दाखवले, की भीती विझवताना डोपामाइन मेंदूच्या अमिग्डला या भागातल्या ज्या पेशींना जागे करते, त्या बक्षिसाला प्रतिसाद देणाऱ्याच पेशी असतात. मेंदूच्या हिशेबात सुरक्षितता ही एक कमाई आहे.

सुटकेतून मिळणारे शिक्षण वेळेवर किती अवलंबून असते, हे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या इवल्या फळमाश्यांनी दाखवले. जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये त्यांना वास आणि झटका दिला. वास झटक्याआधी आला, तर माश्या पुढे तो वास टाळत; झटक्यानंतर आला, तर त्याच्याकडे जात! माणसांमधला २०१० चा निष्कर्ष तर आणखी विलक्षण. वेदनेनंतर दाखवलेली आकृती लोकांनी नावडती ठरवली, पण ती समोर असताना त्यांचे दचकणे मात्र कमी झाले. शरीराने सुटका नोंदवली होती, मनाला तिचा पत्ता नव्हता.

हीच सुटका भीतीची राखणदारही होऊ शकते, आणि हे समजून घेणे फार गरजेचे आहे. कुत्र्याला घाबरणारा मुलगा कुत्रा दिसताच गल्ली बदलतो. त्याला हायसे वाटते, पण मेंदू शिकतो ते ‘गल्ली बदलली म्हणून वाचलो’. कुत्रा चावला नसता, हे तपासायची संधीच मिळत नाही. ‘घाबरतोस कशाला, धीट हो’ म्हणत त्याला एकदम कुत्र्यापुढे ढकलणेही कामाचे नाही. अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ आधी विचारतात, ‘काय होईल असं वाटतं तुला?’ मग पायरीपायरीने मुलाला जवळ नेतात, तिथे पुरेसा वेळ थांबवतात आणि प्रत्यक्षात काय झाले ते त्याच्याकडूनच वदवून घेतात. पुढे कुत्राही बदलतात आणि जागाही, कारण ‘धोका नाही’ ही आठवण जिथे तयार झाली, त्या जागेलाच चिकटून राहते.