ओला, सुका, कांजूर

मुंबईच्या उपनगरांत घरचा कचरा दोन टप्प्यांत उचलला जातो. जिन्यापासून फाटकापर्यंतचे काम सोसायटीने ठेवलेल्या सफाईवाल्याचे, फाटकापुढचे महापालिकेचे. सफाईवाला सकाळी पिंप घेऊन वरच्या मजल्यापासून खाली येत दारोदारचे डबे रिकामे करतो. सोबत एक वेगळी गोणी असते. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा तिच्यात जातो आणि गोणी भंगारवाल्याकडे. ही त्याची वरकमाई. कचऱ्याची पहिली निवड अशी भंगाराच्या भावावर होते, नियमाचा धाक त्यात फारसा नसतो.

फाटकाशी येणारी गाडी बहुधा कॉम्पॅक्टर असते. चाकांचा डबा मागच्या बाजूला अडकवून उलटा केला की पोलादी पाटी आतला कचरा दाबते आणि रस्त्यावर काळपट पाण्याची धार उरते. दाबल्यामुळे एका फेरीत जास्त कचरा मावतो, पण भाजीच्या देठांचे आणि उरलेल्या आमटीचे पाणी कागदात मुरते. तासापूर्वी विकण्याजोगा असलेला पुठ्ठा लगदा होऊन बसतो. ओला-सुका घरातच वेगळा करा, हा आग्रह त्यासाठीच. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी तो बंधनकारक केला. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. सॅनिटरी पॅड, डायपर आणि मुदत संपलेली औषधे वेगळी नेण्याची सेवा महापालिकेने २०२५ मध्ये सुरू केली.

नियमांच्या बऱ्याच आधी हे काम घाटकोपरच्या जोशी लेनने करून दाखवले होते. १९९७ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी कचरा घरीच वेगळा करणे, ओल्याचे खत करणे आणि गल्लीच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवणे सुरू केले. महापालिकेने हाच नमुना ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ (एएलएम) या नावाने शहरभर नेला. कागदावर अशा समित्या पुढे शेकड्यांनी झाल्या. चालल्या मात्र तिथेच, जिथे रोज चौकशी करणारे चार चिवट रहिवासी होते. २०१७ मध्ये महापालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. काही ठिकाणी बागेला खत मिळते, काही ठिकाणी खताची पिंपे जिन्याखाली धूळ खातात.

असल्फ्याच्या डोंगरावर किंवा भांडुपच्या चढावरच्या वस्तीत ही सगळी व्यवस्था पायथ्याशीच थांबते. वाट दोन माणसांपुरती, मधून गटार, हातगाडीही वर जात नाही. अशा वस्त्यांसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना आणली. तिच्यात स्थानिक संस्थेला ठरावीक पैसे देऊन घरोघरचा कचरा खाली आणला जाई. खेप चुकली की पिशवी नाल्यात जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात नाला ती परत करतो.

कचरा उचलणाऱ्यांचा प्रश्नही जुनाच. गाडीवर वर्षानुवर्षे राबलेल्या कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला.

आता कचऱ्याचा प्रवास. पश्चिम उपनगरांचा बराच कचरा वर्सोवा आणि गोराईच्या केंद्रांवर छोट्या गाड्यांतून मोठ्या गाड्यांत भरला जातो आणि पूर्वेकडे निघतो. मुंबईने आपल्या कचऱ्याला नेहमीच वेस दाखवली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ टाकले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवासी त्यावरून १९२४ पासून जाऊ लागले. १९२७ मध्ये देवनारची क्षेपणभूमी सुरू झाली. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेत आली, वेस मुलुंड-दहिसरपर्यंत सरकली आणि कचराही तिच्यामागे गेला : मुलुंडला पूर्व द्रुतगती मार्गालगत, बोरिवलीत गोराईच्या खाडीकाठी, मालाडला चिंचोली बंदरावर. चिंचोलीची क्षेपणभूमी बंद झाल्यावर तिथे काचेची कार्यालये उभी राहिली आणि जमिनीतून येणाऱ्या वायूंनी त्यांतले संगणक बिघडू लागले.

गोराई २००७ मध्ये बंद झाली, मुलुंड २०१८ मध्ये. देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आज शहरात दिवसाला साधारण ६,५०० टन कचरा निघतो आणि त्यातला बहुतेक कांजूरमार्गला जातो. तिथे खाली अस्तर घातलेल्या कप्प्यांत तो कुजवतात, झिरपलेले पाणी पुन्हा त्यावर सोडतात आणि वायू पाइपांनी ओढून घेतात. व्यवस्था देवनारपेक्षा कितीतरी बरी. वाऱ्याची दिशा फिरली की विक्रोळी-भांडुपच्या खिडक्या मात्र लागतात. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून गाड्या अजून तिकडेच वळतात.

मुलुंडला साचलेला ७० लाख टन कचरा क्षेपणभूमी बंद झाल्यावर उकरायला घेतला गेला. यंत्र तो सैल करते, मोठ्या फिरत्या चाळण्या चाळतात. बारीक माती खाली पडते, दगड-विटा एका बाजूला जातात, चिंध्या आणि प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूला. भाजीचे देठ कधीच माती झालेले असतात. पिशव्या तशाच निघतात.